रुग्ण बाहेर, निर्णय आत

भोपाळच्या इंद्रपुरीतून आमच्या एका जुन्या वाचकाचे पत्र आले आहे. कुटुंब मूळचे पेडण्याकडचे. पत्रलेखकाचे काका ऐन तरुणपणी भोपाळच्या ‘भेल’ कारखान्यात नोकरीस लागले, तेथेच निवृत्त झाले आणि कारखान्याच्या परिसरातील या वसाहतीत घर करून राहिले. चवथीला मंगला एक्स्प्रेसने गावी येऊन माटोळी बांधावयाची हा नेम मात्र त्यांनी सोडला नाही. यंदा त्यांचे येणे होणार नाही. काकूंच्या स्तनात गाठ आढळली, बायोप्सी झाली, अहवाल कर्करोगाचा आला आणि डॉक्टरांनी केमोथेरपीचा विषय काढला. पुढील बोलण्यासाठी गुरुवारी बोलावले आहे. ‘आम्हांस यातले काही कळत नाही, डॉक्टरांस काय विचारावे ते सांगा,’ असे पत्रलेखक लिहितो, आणि पत्राच्या अखेरीस, जणू सहज, आणखी एक प्रश्न करतो: काकूंना रोगाचे नाव सांगितलेले नाही; त्या दिवशी त्यांना बाहेर बाकावर बसवून काका आणि तो आत जाणार आहेत; तर काकूंच्या कानी न जाता डॉक्टरांशी कसे बोलावे?

पत्रलेखकास आम्ही स्वतंत्रपणे उत्तर धाडले आहे. परंतु अशा काकू एकट्या इंद्रपुरीत नाहीत. बांबोळीच्या इस्पितळातील बाकांवर, परळच्या व्हरांड्यांत, रत्नागिरी-सावंतवाडीकडून रात्रीच्या गाडीने मुंबईस जाणाऱ्या कुटुंबांत त्या आहेत. क्वचित काकूंच्या जागी काका असतात, एवढाच फरक. यास्तव हा विषय येथे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. आणि तो मांडताना आम्ही दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करू, कारण त्याचा निकाल लागल्यावाचून पहिल्या प्रश्नास अर्थ येत नाही.

या लपवाछपवीमागे दुष्टावा नाही, माया आहे, हे आम्ही जाणतो. घरातील वडील माणूस गेल्याची तारदेखील पूर्वी ‘प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा’ अशीच येत असे. परंतु तारेतील ते असत्य एका प्रवासापुरते निभावत होते. केमोथेरपी काही महिने चालते. दर दोन किंवा तीन आठवड्यांनी इस्पितळात जायचे, सलाईन लावून तासन् तास बसायचे, शेजारच्या खाटेवरही तसेच औषध घेणारे कोणी असायचे. यातून नाव लपणार कसे? भोपाळात तर ईदगाह हिल्सवरील जवाहरलाल नेहरू इस्पितळाच्या नावातच ‘कैंसर’ हा शब्द आहे आणि हिंदीची लिपी आमचीच आहे. जन्मभर डब्याच्या वजनावरून आत किती तांदूळ उरले ते ओळखणाऱ्या बाईला नवऱ्याच्या चेहऱ्यावरून काहीच उमगत नसेल, असे समजणे हा भाबडेपणा होय. बहुधा तिला कळलेले असते. आणि आपल्याला कळले आहे हे घरच्यांना कळू नये म्हणून तीही गप्प बसते. एका घरात, एका ताटाभोवती, सगळे एकमेकांपासून तीच गोष्ट लपवीत असतात.

याची किंमत नुसती भावनिक नाही, वैद्यकीय आहे. तोंडात फोड आले, बोटे बधिर झाली, जुलाब सुरू झाले, अंगात कणकण आली, हे डॉक्टरांना रुग्णानेच सांगावयाचे असते. त्यावरून औषधाची मात्रा ठरते, कधी औषधच बदलते. आपल्या शरीरात कोणते औषध जात आहे आणि कशासाठी, हेच जिला ठाऊक नाही ती हे सारे ‘सोसायचे असते’ म्हणून सोशील. सोसणे आमच्या बायकांना शिकवावे लागत नाही.

कायद्याचेही येथे काही म्हणणे आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निर्णय दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडकोश काढण्यात आले होते. रुग्ण सज्ञान आहे, तातडीचा जीवघेणा प्रसंग नाही, तर आईची संमती ही तिची संमती नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. आणि संमती खरी ठरण्यासाठी उपचाराचे स्वरूप, त्याचा हेतू, लाभ, धोके आणि दुसरे पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णास आधी मिळाली पाहिजे, हेही स्पष्ट केले. मुलीसाठी आईची सही चालत नाही, तेथे काकूंसाठी पुतण्याची कशी चालावी?

भोपाळहून हा प्रश्न यावा यात एक विलक्षण योग आहे. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी बाँब टाकले. तेथील एका अमेरिकी जहाजात मस्टर्ड वायूचे बाँब गुप्तपणे आणलेले होते. समुद्रात उड्या टाकून वाचलेले खलाशी त्या विषाने भिजून इस्पितळात पोचले. पण ते विष कोणते, हे डॉक्टरांना कोणी सांगितले नाही. कपडे न उतरविता, अंग न धुता, नुसती ब्लँकेटे पांघरून माणसांना ठेवले गेले. सहाशेहून अधिक लोकांना बाधा झाली, कित्येक मेले. पुढे स्ट्युअर्ट अलेक्झांडर या सैनिकी डॉक्टरने छडा लावला तेव्हा रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्याचे दिसले. याच जातीच्या रसायनाचा रक्ताच्या कर्करोगांवर उपयोग करता येईल काय, याचे प्रयोग अमेरिकेत येल विद्यापीठात १९४२ पासून गुप्तपणे चालू होतेच. युद्धानंतर १९४६ साली ते प्रसिद्ध झाले आणि आजच्या केमोथेरपीची पायरी बांधली गेली.

बारीनंतर बरोबर ४१ वर्षांनी, पुन्हा २ डिसेंबरच्याच रात्री, भोपाळात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. इंद्रपुरी त्या कारखान्यापासून दूर, शहराच्या पूर्वेकडे. पण त्या रात्रीच्या आठवणीपासून भोपाळातील कोणतीही वस्ती दूर नाही. हमीदिया इस्पितळात माणसांचे लोंढे येत होते आणि हा वायू कोणता, त्यावर उतारा काय, हे तेथील डॉक्टरांना ठाऊक नव्हते. नुसता डोळ्यांची आग करणारा वायू आहे, असे कारखान्याकडून त्यांना सांगण्यात आले. ज्यांना सर्वांत आधी कळावयास हवे त्यांनाच अंधारात ठेवले म्हणजे काय होते, हे भोपाळच्या लोकांना आम्ही सांगावयास नको. घरगुती मायेची तुलना आम्ही कारखानदाराच्या अपराधाशी करीत नाही. अंधार मात्र दोन्हीकडे सारखाच असतो.

तेव्हा काकूंनी आत जावे. याचा अर्थ जेवणाच्या पानावर एकदम सारा अहवाल वाचून दाखवावा, असा नाही. आदल्या दिवशी, घर निवांत असताना, काकांनी एवढेच विचारावे: ‘उद्या डॉक्टर दुखण्याविषयी सांगणार आहेत, तुला किती जाणून घ्यायचे आहे?’ पुष्कळदा उत्तर येईल, ‘मला ठाऊक आहे.’ कधी उत्तर येईल, ‘तुम्हीच बघा, मला काही सांगू नका.’ हाही तिचाच निर्णय, आणि तो मानला पाहिजे. पण तो तिने घेतलेला असावा, तिच्यावतीने घेतलेला नसावा.

आता डॉक्टरांस काय विचारावे ते पाहू. आम्ही वैद्य नव्हे, आणि कोणते औषध द्यावे यात तोंड घालण्याचा आमचा अधिकार नाही. पण विचारावयाचे कसे, हे सांगण्यास वैद्यकीची पदवी लागत नाही. डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण विभागात गर्दी किती असते हे सर्वांनी पाहिलेले आहे. वाट्यास दहा मिनिटे आली तरी पुष्कळ. त्यातली निम्मी कागद शोधण्यात आणि उरलेली ‘बरे होईल ना?’ एवढे विचारून मान हलविण्यात जातात. घरी परतल्यावर मग वाटेत प्रश्न आठवू लागतात.

सर्व प्रश्नांत पहिला प्रश्न हेतूचा. ही केमोथेरपी रोग समूळ घालविण्यासाठी आहे, शस्त्रक्रियेपूर्वी गाठ लहान करण्यासाठी आहे, शस्त्रक्रियेनंतर रोग परत उद्भवू नये म्हणून आहे, की रोग अन्यत्र पसरलेला असल्यामुळे तो आटोक्यात ठेवून आयुष्य वाढावे आणि त्रास कमी व्हावा म्हणून आहे? औषध एकच असले तरी या चार गोष्टी एक नव्हेत. किती सोसावे, किती खर्च करावा, जमीन गहाण टाकावी की नाही, मुलीचे लग्न पुढे ढकलावे की नाही, हे सारे या एका उत्तरावर अवलंबून असते. आणि नेमका हाच प्रश्न आमच्याकडे कोणी विचारीत नाही, कारण उत्तराचे भय वाटते. आम्ही असे पाहिले आहे की लोक औषधाचे नाव, कंपनी, किंमत, सारे विचारतात आणि हेतू विचारावयाचा राहतो.

दुसरा प्रश्न: न घेतल्यास काय? हा उद्धटपणा नव्हे. स्तनाच्या प्रत्येक कर्करोगात केमोथेरपी लागतेच असे नाही. गाठीच्या तुकड्यावरून ती संप्रेरकांना प्रतिसाद देणारी आहे काय आणि हर-२ नावाचे प्रथिन तिच्यात अधिक आहे काय, हे तपासतात. त्यावर उपचाराची दिशा ठरते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले की काखेतील गाठींपर्यंत न पोचलेल्या, संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या कर्करोगात बहुसंख्य स्त्रियांना, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांना, संप्रेरकविरोधी गोळ्यांच्या जोडीला केमोथेरपी देऊन अधिक लाभ होत नाही. काकूंचा रोग त्या प्रकारचा आहे की नाही हे त्यांचे डॉक्टरच सांगतील. ‘या औषधाने शंभर बायकांपैकी आणखी किती जणींना फायदा होतो?’ असे विचारले तर चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट त्याला समजून घेणारे माणूस भेटले याचा आनंदच होतो.

जाताना शाळकरी वही न्यावी. डाव्या पानावर प्रश्न, उजवे पान उत्तरासाठी मोकळे. एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे. बायोप्सीचा अहवाल, रक्ताचे अहवाल, सोनोग्राफी, जुने कागद तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत असावेत. आपल्या कागदपत्रांची प्रत मागितल्यास ७२ तासांच्या आत देण्याचे बंधन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांवर घातलेले आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक औषधाची यादी. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या लोक लिहितात. गावच्या वैदूचा काढा, गुळवेल, हळदीच्या कॅप्सुली, कोणी आणून दिलेली भुकटी मात्र लपवितात. यांतील काही वस्तू यकृतावर किंवा औषधाच्या परिणामावर विपरीत काम करू शकतात. मिश्रीची सवय असेल तर तीही सांगावी, लाज धरू नये.

‘झाडपाल्याला विषार नसतो आणि केमो म्हणजे नुसते विष’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही अंगणातली सदाफुली दाखवू. विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही दोन नामांकित केमोची औषधे तिच्यातूनच निघाली. पण म्हणून तिची पाने चघळावयास घेऊ नयेत. ती विषारी आहेत, आणि औषध व विष यांत मात्रेचेच अंतर असते. तसेच लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर १९४७-४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी वापरलेले रसायन ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तिचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. ही विद्या परकी आहे, असे म्हणण्यास फारशी जागा नाही.

त्रासाविषयी विचारताना ऐकीव गोष्टी घरी ठेवून जावे. चाळीस वर्षांपूर्वी कोणा आत्येला झालेल्या ओकाऱ्यांची वर्णने अद्याप घरोघर सांगितली जातात. १९९० च्या आसपास ओकारी थांबविणारी नवी औषधे आली आणि ते चित्र पुष्कळ पालटले. त्रास होतच नाही असे नव्हे. प्रत्येक औषधाचा त्रास निराळा असतो. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचे असते, त्यानंतर एखाद-दोन दिवस लघवीही लालसर होते. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस घाबरतो. ते हृदयावर परिणाम करू शकते म्हणून आधी हृदयाची तपासणी करतात. झाली आहे काय, विचारावे. रुग्ण तरुण असेल तर पुढे मूल होण्याविषयीचे बोलणे पहिल्या सलाईनच्या आधीच व्हावयास हवे, नंतर नव्हे. सासूसमोर ते जमत नसेल तर सासूने थोडा वेळ बाहेर बसावे.

केसांविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. डॉक्टरांच्या लेखी ती लहान गोष्ट, कारण बहुतेक केस परत येतात. आमच्या समाजात मात्र मुंडण केलेल्या स्त्रीच्या डोक्यामागे शंभर वर्षांची केशवपनाची आठवण उभी आहे. ती रूढी गेली तरी तिची सावली गेली नाही. कित्येक बायका मरणापेक्षा या गोष्टीने अधिक हादरतात आणि बोलत नाहीत. नवरा समोर असताना हे अशुभ कसे उच्चारावे? या औषधाने केस जातात काय, केव्हा जातात, हे नवऱ्यानेच विचारावे. आधीच केस आखूड कापून घ्यावेत, एक मऊ सुती पंचा किंवा टोप तयार ठेवावा, आणि हळदीकुंकवाचे बोलावणे तिला पूर्वीसारखेच जावे.

पथ्यपाण्याचा आमच्याकडे अतिरेक होतो. कर्करोग म्हटला की प्रथम मासळी बंद होते, मग अंडे, मग दूध, आणि ज्या शरीराला भरपाईसाठी प्रथिने हवीत ते पेजेवर राहते. ताजी, नीट शिजविलेली मासळी चालेल काय, हे डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञाला सरळ विचारावे, बहुधा चालते. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार यांविषयीही विचारावे. देवाला उपास पुढच्या वर्षी केलेलाही चालतो, अशी आमची श्रद्धा आहे.

पैशाचे बोलणे संकोचाने मागे ठेवू नये. एकूण किती फेऱ्या, एका फेरीस किती, त्यांत तपासण्या व ओकारीची औषधे धरली आहेत काय, त्याच घटकाचे स्वस्त औषध चालेल काय, हे सर्व विचारण्याजोगे आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफ्यास ३० टक्क्यांची मर्यादा घातली, तरीही एकाच औषधाच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या छापील किमतींत मोठे अंतर दिसते. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबास वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे आणि २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्नाची अट नाही. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, महाराष्ट्रात महात्मा फुले योजना आहे. या योजनांत बहुधा उपचारापूर्वी मंजुरी लागते. म्हणून कागद पहिल्याच भेटीस न्यावेत.

भोपाळात उपचार घ्यावेत की परळ गाठावे, असेही पत्रलेखक विचारतो. १९४१ साली उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाविषयी आम्हांस आदर आहे. ते ज्या रस्त्यावर उभे आहे त्यास आमच्याच बार्देशातील उसकईच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. पण परळच्या पदपथांवर ताटकळणारी कुटुंबेही आम्ही पाहिली आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किती जणांना पुरणार? दुसरे मत अवश्य घ्यावे, कागद घेऊन एकदा जाऊन यावे. परंतु तीच औषधे त्याच मात्रेत भोपाळात मिळत असतील, आणि तेथे एम्ससारखी संस्था आहे, तर दर तीन आठवड्यांनी अशक्त माणसास आगगाडीत घालण्यात शहाणपण नाही. घराजवळ उपचार घेण्याचा आणखी एक लाभ रात्री कळतो. औषधानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या वेळी ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट पाहावयाची नसते, घरगुती गोळी देऊन झाकावयाचा नसतो. त्याच रात्री इस्पितळ गाठावे लागते. तेव्हा वहीतील पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, रात्री फोन करावयाचा क्रमांक डॉक्टरांकडून लिहून घ्यावा, आणि घरात थर्मामीटर असावा.

हे सारे एका वर्तमानपत्राने सांगावे लागते, ही स्थिती मात्र आम्हांस बरी वाटत नाही. केमोथेरपी देणाऱ्या प्रत्येक सरकारी इस्पितळाने पहिल्या सलाईनपूर्वी रुग्णास व घरच्यांस एकत्र बसवून, त्यांच्या भाषेत, अर्धा तास समजावून सांगणारी शिकलेली परिचारिका नेमावी, आणि बरोबर एक छापील पत्रक द्यावे: भोपाळात हिंदीतून, आमच्याकडे मराठी-कोकणीतून. डॉक्टरांची दहा मिनिटे वाचतील आणि तीच कामी येतील. बांबोळीस आणि आमच्या जिल्हा रुग्णालयांत यासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही. दार लावून घेता येईल अशी एक खोली आणि तीन खुर्च्या पुरतात. त्यांतील एक रुग्णासाठी.